बाबांना काय झालं होतं

काळाचौकी,
१२ ऑगस्ट २०१४

ताई, पाया पडतो.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. रागावू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्राला उशीर झाला की तू काहीबाही मनात आणतेस हे मला ठाऊक आहे. या खेपेला कारण खरंच होतं. पाय सुजले होते, पोट टम्म झालं होतं. मी म्हणत होतो गॅस आहे. कांता म्हणाली, "गॅस पायात उतरत नाही, चला." परळच्या मोठ्या हॉस्पिटलात सहा दिवस ठेवून घेतलं. पोटातलं पाणी काढलं, तोंडातून नळी घालून आत बघितलं, आणि सांगितलं की लिव्हर निबर झालंय. सिरॉसिस.

हे नाव ऐकलं की वॉर्डबॉयपासून मोठ्या साहेबापर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच. "किती घेता?" मी सांगतो, गिरणीच्या संपात घेत होतो, आता तीस वर्षं थेंब नाही. ते लिहून घेतात आणि गालात हसतात. मग रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई स्वतः खाटेपाशी आल्या. म्हणाल्या, काविळीचा एक विषाणू असतो, बी नावाचा. तो तुमच्या अंगात कित्येक वर्षं गुपचूप बसलाय, अगदी लहानपणापासूनही असेल. त्यावर गोळ्या दिल्यात, त्या कायम घ्यायच्या. मीठ बंद. मीठ बंद म्हणजे सुकी मासळी बंद, हे तुला वेगळं सांगायला नको.

बाकी ठीक. शाळेची व्हॅन पुन्हा चालवायला लागलो. मालकाने नव्या सीट लावल्यात, निळ्या. मुलं खूश. सखुबाई तुझ्या कोकमांची आठवण काढतात. शिवडी कोळीवाड्याच्या त्या, पूर्वी मासळी विकायच्या, आता आमच्या व्हॅनमध्ये मुलांना चढवायला-उतरवायला असतात. दुपारी फार झोप येते. औषधांनी असेल.

गणपतीला येतो. हॉसपिटलवाल्यांनी नाही म्हटलं तरी येतो.

आणि एक सांगायचं राहिलं. व्हॅनला मालकाने नव्या सीट लावल्यात, निळ्या रंगाच्या. मुलं एकदम खूश आहेत.

तुझा,
तुळशी


घाडीवाडी, ता. देवगड
२४ ऑगस्ट २०१४

तुळशी,

सुखी रहा. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं तुला गोड लागणार नाही.

मी छत्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या. कोणी आजारी असताना लिहिलंय, कोणी घाईत, कोणी मार खाऊन, हे मला अक्षर बघून कळायचं. तुझं पत्र मी तसंच तपासलं. निळ्या सीटची बातमी दोनदा आहे, आणि दुसऱ्यांदा 'सांगायचं राहिलं' म्हणून आहे. हॉस्पिटल हा शब्द एकदा बरोबर, एकदा चूक. ओळी उजवीकडे खाली घसरल्यात. 'ळ' तर प्रत्येक वेळी गिरवलायस.

असं पत्र मी यापूर्वी पाहिलंय. ब्याऐंशी-त्र्याऐंशीत तू मला जी पत्रं लिहायचास ती कपाटात आहेत. काढून शेजारी ठेवली. तेच अक्षर, त्याच ओळी. तेव्हा तू पीत होतास.

विषाणू असेल. डॉक्टर खोटं कशाला सांगतील? पण सोबत दुसरं काही नाही, असं मला या कागदावरून वाटत नाही. चौऱ्याऐंशीत रवळनाथासमोर नारळावर हात ठेवून तू काय बोललास ते मी विसरलेले नाही. तू शाळेची मुलं नेतोस, तुळशी. लोकांची मुलं.

बाबांचं डोकं संपाने फिरलं. गिरणी गेली आणि घाडीवाडीने अख्खं खातं सांभाळणाऱ्या एका शहाण्या जॉबरचं काय झालं ते पाहिलं. अजून माझ्या पाठीमागे आपल्या घराला 'येड्या विठोबाचा घर' म्हणतात. एका घरात एक पुरे.

गणपतीला यायचं तर शुद्धीत ये. नाहीतर येऊ नकोस.

अंबिका


काळाचौकी,
२८ ऑक्टोबर २०१४

ताई,

दोन महिने तुला पत्र लिहायला हात वळला नाही. गणपतीला आलो नाही तो रागाने. तीस वर्षं पाळलेल्या शब्दावर बहिणीचाच विश्वास नसेल तर तिच्या दारात कशाला जायचं, असं वाटलं.

तुझं पत्र मी गादीखाली ठेवलं होतं. ते कांताला सापडलं. त्या दिवसापासून मी बाहेरून आलो की पाणी द्यायच्या निमित्ताने जवळ यायची आणि माझ्या तोंडाचा वास घ्यायची. ताई, बायकोने असा वास घेणं काय असतं ते तुला कसं सांगू? आमच्यात भांडणंही झाली. गॅस बंद केला का, हे मी चार वेळा विचारतो म्हणाली. चावी हातात घेऊन चावी शोधतो म्हणाली. मी ओरडलो, ती रडली.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तर तिने पिशवीतून तुझं पत्र काढून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं. मला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं झालं. बाईंनी अख्खं पत्र वाचलं. मग परत वाचलं.

"ह्या तुमच्या कोण?"

कांता म्हणाली, "नणंद. मास्तरीण होत्या."

"त्यांनी बरोबर पकडलंय," बाई म्हणाल्या. "फक्त नाव चुकीचं दिलंय."

मग त्यांनी समजावलं. लिव्हर रक्त साफ करतं. ते निबर झालं की आतड्यातली घाण रक्तातून डोक्यापर्यंत पोचते. आधी डोक्याचा वेग जातो, मग लक्ष. माणूस बोलायला अगदी शहाणा असतो, त्याला स्वतःलाही कळत नाही, डॉक्टरला समोर बसून कळत नाही. ते पकडायला आता कॉम्प्युटरवरची चाचणी आहे. आणि दारूचा याच्याशी काही संबंध नाही, हे बाईंनी कांताकडे बघून सांगितलं. मी तुला हे वाक्य मुद्दाम लिहितो.

बाजूच्या खोलीत एका मुलीने पाटीएवढा कॉम्प्युटर माझ्या मांडीवर दिला. खाली रंगांची बटणं. आधी पडद्यावर नुसत्या खुणा येतात, लाल, हिरव्या, निळ्या. जो रंग दिसेल तो दाबायचा. ते मी भराभर केलं. मी मनात म्हटलं, अरे, गिरणीच्या विणखात्यात सुताचा रंग लांबून ओळखणारा माणूस मी, हे काय लावलंय! मग दुसरा भाग. आता शब्द येतात. 'हिरवा' असं लिहिलेलं, पण लाल अक्षरात. वाचायचं नाही, रंग दाबायचा. चुकलं की ती फेरी पुन्हा पहिल्यापासून. ताई, मला दिसत होतं की लाल आहे. बोट हिरव्यावर जायचं. थांबवायला गेलो की तोपर्यंत पुढचा शब्द. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा पहिल्यापासून. घामाने शर्ट भिजला. ती मुलगी म्हणाली, "काका, घाई नाही." पण वेळ तर मोजत होती.

माझ्या वयाच्या, माझ्याएवढ्या शिकलेल्या माणसाला लागतो त्याहून माझा वेळ बराच जास्त आला. अंक जोडायचा एक कागदही दिला होता, तिथेही तेच. डोकं जरा हळू चालतंय, औषधाने सुधारेल म्हणाल्या. एक पातळ गोड औषध दिलंय. दिवसातून दोन-तीन वेळा पोट साफ व्हायलाच हवं, नाहीतर घाण वर चढते.

बाकी सगळं ठीक चाललंय. कांता आता वास घेत नाही.

तुळशी


घाडीवाडी,
८ नोव्हेंबर २०१४

तुळशी,

माझं चुकलं. याहून मोठं काही लिहिता येत नाही. पत्र वाचून झाल्यावर रवळनाथाकडे जाऊन आले. तिथेही हेच बोलले.

आता दोन गोष्टी विचारते, दोन्हींची उत्तरं दे.

एक. तू दुपारी झोप येते असं लिहिलं होतंस. रात्री येत नाही का? हात थरथरतो का? नुसती थरथर नव्हे, हात पुढे धरला की पक्ष्याचा पंख पडावा तसा गळून पडतो का? डोळे पिवळे आहेत का? हे का विचारते ते नंतर लिहीन. डॉक्टरीणबाईंना विचार की पुढे वाढलं तर हा आजार कसा दिसतो.

दोन. ज्याला रंग दिसतो पण बोट दुसरीकडे जातं, त्याला गाडीबद्दल डॉक्टर काहीतरी सांगणारच. तुझ्या पत्रात त्याविषयी अक्षर नाही. 'बाकी सगळं ठीक' हे वाक्य पोरं प्रगतिपुस्तक लपवताना बोलतात.

अंबिकाताई


काळाचौकी,
२४ नोव्हेंबर २०१४

ताई, पाया पडतो.

प्रगतिपुस्तक लपवलं होतं.

बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "औषध लागू पडेपर्यंत गाडी चालवायची नाही. मुलांची तर नाहीच." कांता तेव्हा औषध आणायला खिडकीवर गेली होती. मी हो म्हटलं आणि तिला बोललोच नाही. बत्तीस वर्षांपूर्वी गिरणी सुटली. त्यानंतर वर्कशॉपात, गोदीत, टॅक्सीवर, कुठे कुठे करून ही व्हॅन मिळाली, अकरा वर्षं झाली. सकाळी सात वाजता खाली हॉर्न वाजवला की सगळ्या बिल्डिंगीतून पोरं "तुळशीकाका" करत धावत येतात. ते सोडायचं म्हणजे काय, ते मला घरी बसून बघायचं नव्हतं. औषध लागू पडेल, कोणाला कळणार नाही, असं धरून चाललो.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. अकरा मुलं होती. घोडपदेवला उजवीकडे वळलं की पुढे भायखळ्याची शाळा. मी अकरा वर्षं रोज वळतोय. त्या दिवशी नाही वळलो. मला काही चुकतंय असं वाटलंही नाही, हे सगळ्यात वाईट. रस्ता बरोबर, वेळ बरोबर, असंच डोक्यात होतं. सखुबाई मागून म्हणाल्या, "तुळशीदास, शाला मागं रायली." मी हो म्हटलं आणि तसाच पुढे. रे रोड स्टेशन गेलं, पूल चढलो, पलीकडे लाकडांच्या वखारी लागल्या. तिथे एक हातगाडीवाला फळ्या घेऊन आडवा जात होता. तो मला दिसला, ताई. लांबून दिसला. पाय ब्रेकवर जायला उशीर झाला. त्या लाल-हिरव्यासारखंच, दिसतंय पण होत नाही. व्हॅन त्याच्या फळ्यांना घासून थांबली. माणसाला खरचटलंही नाही. मागे पोरं अजून भेंड्या खेळत होती.

सखुबाई उतरून माझ्या खिडकीशी आल्या. शिव्या देतील असं वाटलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "चावी दे मना."

मी दिली. देताना बरं वाटलं, खोटं नाही सांगत. मालकाला मीच फोन केला, दुसरा ड्रायव्हर येऊन मुलांना घेऊन गेला. मग मी चालत शाळेत गेलो आणि मोठ्या बाईंना सगळं सांगितलं, चाचणीचंसुद्धा, लपवल्याचंसुद्धा. म्हणाल्या, "आधी सांगायला हवं होतं." बरोबरच आहे. घरी कांताला सांगितलं. तिने ताट वाढलं, पण दोन दिवस बोलली नाही.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. माझा हात पडत नाही, डोळे पिवळे नाहीत. पण मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, वाढलं तर दिवसाची रात्र होते. माणूस दिवसा झोपतो, रात्री फिरतो. वार-तारीख विसरतो, चिडतो, भलत्या ठिकाणी जायला निघतो. हात पुढे धरला की पंखासारखा पडतो. तू लिहिलंस तेच शब्द. मी तुझं पत्र त्यांना दाखवलं. बाईंनी विचारलं, "तुमच्या बहिणीने हे कोणाचं बघितलंय?"

ताई, कोणाचं बघितलंयस? तू मला सांगितलं होतंस की बाबा झोपेत शांतपणे गेले.

तुळशी


घाडीवाडी,
६ डिसेंबर २०१४

तुळशी,

चावी दिलीस, शाळेत स्वतःहून गेलास. जे आधी केलंस ते चूक, जे नंतर केलंस ते बाबांच्या मुलाला शोभणारं. आता मी माझं लिहिते.

बाबा झोपेत गेले नाहीत.

संप सुरू झाल्यावर पाच महिन्यांनी ते गावी आले. बोट चुकलेल्या माणसासारखे पडवीत बसायचे. पोट वाढलेलं, पाय सुजलेले, डोळे पिवळे. वैद्याने कावीळ म्हणून मुळी दिली. पावसाळा संपता संपता ते दिवसा झोपायला लागले आणि पहाटेच्या आधीच उठून शर्ट घालून निघायचे. "पाळी चुकतली," म्हणायचे. पहिल्या पाळीची शिट्टी झाली म्हणायचे. घाडीवाडीत कुठली शिट्टी? पेजेची वाटी हातात दिली की हात गळून पडायचा, पेज अंगावर. मला वाटायचं मुद्दाम करतात. एकदा, तुळशी, मी त्यांच्या हातावर मारलं. पोरांना मारायचे तसं.

दोनदा ते विहिरीच्या काठापाशी सापडले. मग मी त्यांना माजघरात ठेवून बाहेरून कडी लावायला लागले. शाळेत जाताना कडी, शाळेतून आल्यावर कडी काढायची. वाडी म्हणायची, संपाने विठोबा येडो झालो. मीही तेच म्हणायचे. आईला जाऊन दहा वर्षं झालेली, घरात मी एकटी.

पौषात, संपाला वर्ष होऊन आठवडा झाला असेल, मी शाळेतून आले तर ते दाराला टेकून पडले होते. आतल्या बाजूने. अंगात थोडी धुगधुगी होती. मला त्यांनी ओळखलं नाही. दिवस मावळायच्या आत गेले. तू तिसऱ्या दिवशी पोचलास. तू अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या म्हणालास, "माझ्यामुळे गेले." संपात गिरणीच्या गेटावर तू त्यांना कामावर जाण्यापासून अडवलं होतंस, सगळ्यांसमोर, हात धरून, हे तू मला तेव्हाच रडत सांगितलंस. मी तुला सांगायला हवं होतं की कडी माझी होती. नाही सांगितलं. तू स्वतःला दोष देत होतास, मी देऊ दिला. बत्तीस वर्षं.

आता तुझ्या पत्रातली एकेक गोष्ट वाचते आणि बाबा समोर उभे राहतात. डॉक्टरीणबाईंना हे सगळं वाचून दाखव. कडीसकट. मला उत्तर हवंय, माझ्यासाठी गोड केलेलं नको.

अंबिका


काळाचौकी,
१९ डिसेंबर २०१४

ताई, पाया पडतो.

तुझं पत्र अर्ध्यापर्यंत मी बाईंना वाचून दाखवलं. पुढचं कांताने वाचलं. कडीसकट.

बाईंनी जे सांगितलं ते मी तिथेच कागदावर लिहून घेतलं, म्हणजे माझ्या डोक्याने काही वाढवलं-घटवलं असं नको. त्या म्हणाल्या, "मी त्यांना बघितलेलं नाही, रक्त तपासलेलं नाही, म्हणून नक्की असं मी म्हणणार नाही. पण पिवळे डोळे, पोटात पाणी, दिवसाची रात्र, आणि तो पडणारा हात, हे सगळं एकत्र आलं की मी डोक्याच्या डॉक्टरच्या आधी लिव्हर बघीन. मुलाला तोच आजार आहे, हेही त्यात धरीन. हे वेड असण्यापेक्षा लिव्हरचं असण्याची शक्यता खूप जास्त आहे."

मी विचारलं, "संपाने नाही झालं?"

"लिव्हर असं व्हायला वर्षानुवर्षं लागतात," त्या म्हणाल्या. "संपाच्या आधीपासूनच आजारी असणार."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. ताई, गेटावर मी बाबांचा हात धरला होता तेव्हा तो गरम होता आणि हलका होता. एवढा मोठा जॉबर आणि मनगट असं कसं, असं मला त्या क्षणी वाटलं होतं. पण घोषणा चालू होत्या. मी बापाचं मनगट बघायला थांबलो नाही. हे माझंच आहे, ते जात नाही. पण मी त्यांना मारलं नाही, एवढं आता मी म्हणू शकतो. पहिल्यांदाच म्हणतोय.

तुझ्या कडीबद्दल मी बाईंना विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. "त्या काळी गावात दुसरं काय करणार होत्या? कडी नसती तर विहीर होती. तो आजार कडीने होत नाही आणि कडी काढून बरा होत नाही." हे मी गोड केलेलं नाही. कांता साक्षीला आहे. आणि मला विचारशील तर, मी गावी असायला हवं होतं. दोघं आलटून-पालटून बसलो असतो तर कडी लागली नसती. मी मोर्चात होतो, तू एकटी होतीस.

आता तुझं काम. हा विषाणू घरातून घरात जातो. भावा-बहिणींनी रक्त तपासायलाच हवं, असं बाईंनी दोनदा सांगितलं. कणकवलीला जा. टाळू नकोस. कांताचं झालं, तिला नाही, तिला लस दिली.

मंगळवारी माझी चाचणी पुन्हा झाली. औषध लागू पडतंय. या खेपेला दुसऱ्या भागात मी तीनदाच चुकलो, वेळ बराच खाली आला, अजून पूर्ण नाही. बाजूला लालबागचा एक म्हातारा बसला होता, त्याला ती मुलगी समजावत होती आणि त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. मी म्हटलं, "काका, वाचू नका. अडाणी असल्यासारखं बघा." लगेच जमलं त्याला.

पुढे गाडी चालवू देतील की नाही हे बाई नंतर सांगणार आहेत. मी मुलांच्या व्हॅनचं विचारलंच नाही. ते संपलं. सकाळी भायखळ्याच्या बाजारातून कांता जेवणाचे डबे करून देते त्यांच्यासाठी भाजी आणतो, निवडून देतो. हॉर्नची वेळ झाली की अजून अंगात येतं, मग मी मुद्दाम मेथी निवडायला घेतो. मेथीला फार लक्ष लागतं.

तुळशी


घाडीवाडी,
३ जानेवारी २०१५

तुळशी, सुखी रहा.

आधी रक्ताचं सांगते, नाहीतर तू ओळी गाळून खाली शोधशील. कणकवलीला जाऊन आले. तो विषाणू माझ्या अंगात नाही. कधीतरी येऊन गेल्याची खूण तेवढी आहे, शरीराने त्याला हाकलून दिलं म्हणे. तिथला डॉक्टर म्हणाला, "बाई, नशीब." एकाच आईची दोन मुलं, एकाच ताटात जेवलेली, एकाला राहतो आणि दुसरीला सोडतो, याला नशीब म्हणायचं की काय ते मला कळत नाही.

बुधवारी बाबांचं श्राद्ध झालं. दरवर्षी मी भावकीतल्या चार माणसांना जेवायला सांगते, ते येतात, खाली मान घालून जेवतात आणि हात धुऊन जातात. कोणी बाबांचं नाव घेत नाही. या वर्षी मी अख्ख्या वाडीला सांगितलं. ताटं मांडली आणि वाढायच्या आधी उभी राहून बोलले. म्हटलं, माझे बाबा वेडे नव्हते. त्यांचं लिव्हर गेलं होतं आणि त्याचं विष डोक्यात चढत होतं. माझ्या भावाला तोच आजार झालाय, मुंबईच्या डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर तपासून वेळेत पकडलाय. ज्यांच्या घरी कोणाला कावीळ होऊन गेली असेल त्यांनी रक्त तपासून घ्यावं.

मग कोपऱ्यातून सोनूबाई मलाही ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, तुला ठाऊक आहे तिची जीभ, "मगे तेका कडी घालून कित्याक ठेयलंस?"

मी म्हटलं, "माका म्हायत नाय होता."

एवढंच. बत्तीस वर्षं जे वाक्य कोणी विचारू नये म्हणून मी जपून राहिले, ते विचारून झालं आणि त्याला एवढंसंच उत्तर होतं. सोनूबाईने मान हलवली आणि पानात भात वाढून घेतला.

जेवणं झाल्यावर लोक उठले नाहीत. रामूतात्या, गिरणीत बाबांच्या खात्यातले, आता नव्वदीला आले, ते माझ्या कानाशी येऊन ओरडून सांगायला लागले. लालबागच्या चाळीत गाववाल्यांनी दशावतार लावला होता म्हणे. द्रौपदी करणारा आयत्या वेळी तापाने पडला. बाबांना साडी नेसवून उभं केलं. पण मिशी काढायला ते तयार होईनात. शेवटी पूर्ण वस्त्रहरण पदराने तोंड झाकून केलं, आणि ऐन वेळी दुःशासनाने पदरच खेचला! तात्या सांगताना एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. सगळी पंगत हसत होती. श्राद्धाच्या दिवशी, तुळशी, आपल्या पडवीत.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी तात्यांना विचारलं, "इतकी वर्षं हे कधी सांगितलं नाहीत ते?"

ते म्हणाले, "तू तेचा नाव तरी काढूक दिलंस खंय?"

मी खाली बसले. तात्यांच्या हातातलं भांडं घेतलं आणि म्हटलं, अजून एक सांगा.

अंबिकाताई